जर्मनच्या पातेल्यात सोडा नको!

गडचिरोलीहून एका भगिनीचं पत्र आलंय. मोहाच्या टोळीचं तेल घरात होतं, म्हणून त्यांनी साबण करायला घेतला. जर्मनच्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात कॉस्टिक सोडा घातला, तर सगळं फसफसून वर आलं, वाफेने डोळे झोंबले. पातेलं आतून काळं पडलं आणि दुसऱ्या दिवशी बुडातून पाणी झिरपू लागलं. "सोडा भेसळीचा होता का?" असं त्या विचारतात.

नाही हो ताई, सोडा चांगलाच होता. चुकलं ते भांडं!

दुधावर साय धरते ना, तशी हवेने-पाण्याने धातूवरही एक पातळ साय धरते. जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची साय डोळ्यांना दिसत नाही, पण तिच्यामुळेच भांडं वर्षानुवर्षं टिकतं. सोड्याच्या पाण्यात मात्र ती विरघळते. मग सोडा आतल्या धातूलाच खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. हा वायू पेट घेतो. जवळ चूल पेटलेली असती तर?

लोखंडाचं उलट. सोड्यासारख्या खारात त्याची साय घट्ट बसते. आपल्या राजुरा-गडचांदूरकडे सिमेंट होतं, तेही खाराचंच. म्हणून स्लॅबमधल्या सळ्यांवर साय धरते आणि त्या लवकर गंजत नाहीत. औष्णिक वीजकेंद्रात बॉयलरचं पाणी मुद्दाम थोडं खाराचं ठेवतात ते याचसाठी. नळ्यांवर काळी साय बसते, तीच त्यांना राखते.

तेव्हा मैत्रिणींनो, घरी साबण कराल तर स्टीलचं किंवा लोखंडी भांडं घ्या. काम मोकळ्या हवेत, चुलीपासून आणि मुलांपासून दूर करा. आधी पाणी, मग त्यात थोडा-थोडा सोडा. सोड्यावर पाणी कधीच ओतू नका. अंगावर उडालंच, तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा. लिंबू-बिंबू चोळू नका. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठा.

धुण्याचा सोडा किंवा चुलीतली राख जर्मनच्या भांड्याला रोज लावू नये. भांडं काळवंडलं तर त्यात चिंचेचं पाणी उकळा, उजळेल. लोखंडी कढई सोड्याने खुशाल धुवा, पण लगेच पुसून तेलाचा हात फिरवा. साध्या पाण्याने ओली राहिली की गंजलीच!

आणि ताई, पातेलं गेलं ते जाऊ द्या. डोळे वाचले, हे काय थोडं झालं?