धावणे थांबले तरी वाट संपत नाही



भोर आणि वेल्हे तालुक्यांतील कोणत्याही गावाच्या रस्त्यावर पहाटे पाचला उभे राहा. अंधारात पावलांचा आवाज येतो. आपली पोरे भरतीसाठी धावत असतात. (वेल्ह्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय सरकारने २०२४ मध्ये घेतला, पण आपल्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) बाप पुण्यात हमाली करतो किंवा शिरवळच्या कंपनीत कंत्राटावर जातो. आई पावसाळ्यात दुसऱ्याच्या खाचरात भात लावते. घरात एक तरी वर्दी यावी, एवढीच त्या घराची आस असते. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्या धावेवर अख्ख्या घराचा हिशेब बसवलेला असतो. कुणाचे स्वप्न भरतीचे, कुणाचे जिल्ह्याच्या कबड्डी संघाचे.

अशा घरातल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला एक दिवस धाप लागू लागते. पूर्वी जो चढ हसत चढायचा, तिथे तो मध्येच बसतो. डॉक्टर तपासतात, टू-डी इको काढायला सांगतात, आणि कळते की हृदयाची झडप खराब झाली आहे. धावणे बंद, कबड्डी बंद. त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. आज या प्रसंगाविषयी लिहायचे आहे, कारण गरिबांच्या वस्तीत हा आजार अजून गेलेला नाही आणि आपल्याकडे त्यावर उघडपणे बोलले जात नाही.

प्रथम आजार समजून घेऊ. लहानपणी, बहुधा पाच ते पंधरा वर्षांच्या दरम्यान, जंतूंमुळे घसा दुखून ताप येतो. तो बरा होतो. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो आणि सांधे सुजतात. आज गुडघा, उद्या घोटा, परवा कोपर. आपण म्हणतो, पोरगं वाढतंय म्हणून पाय दुखतात. तेल चोळतो, कुणी अंगारा आणतो. सांधे आपोआप बरे होतात, पण तोवर हृदयाच्या झडपेला इजा होऊन गेलेली असू शकते. असा ताप पुन्हा पुन्हा आला की झडप अधिक खराब होते. एका ओल्या खोलीत सहा-सात माणसे दाटीने राहतात, घशाच्या तापाला पुरते औषध मिळत नाही, तिथे हा आजार जास्त होतो. त्यात त्या मुलाचा दोष नाही, आईचा नाही आणि कुणाच्या नजरेचा तर मुळीच नाही.

डॉक्टरांनी एकदा निदान केले की बहुतेक रुग्णांना पेनिसिलीनचे इंजेक्शन दर २१ दिवसांनी, अनेक वर्षे घ्यावे लागते. म्हणजे वर्षाला १७-१८ इंजेक्शने. ते दुखते, म्हणून दोन-चार झाली की मुले टाळतात आणि आईबापही ‘आता बरा दिसतोय’ म्हणून सोडून देतात. असे करू नका. ताप पुन्हा येऊ नये आणि राहिलेले हृदय वाचावे, यासाठीच ते इंजेक्शन असते. एक साधी वही करा. तारीख, दवाखाना, पुढची तारीख, एवढेच लिहा. केसपेपर आणि इकोचे रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. कारकुनाला कागदाचे महत्त्व जरा जास्त वाटते हे खरे, पण ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात गेल्यावर या पिशवीने दिवस वाचतो.

खर्चाच्या भीतीने घरी बसू नका. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, त्यात हा हृदयरोगही येतो. झडपेची शस्त्रक्रिया लागली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत चौकशी करा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा.

आता मुलाकडे वळू. दोन चुका घरोघर होतात. पहिली, आजार लपवून धावणे. ‘भरती होईपर्यंत कुणाला सांगू नको’ असा सल्ला देणारे भेटतात. झडप खराब असताना ऊर फुटेपर्यंत धावणे म्हणजे जिवाशी खेळ. कृत्रिम झडप बसवलेल्यांना तर बहुधा रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यावी लागते. अशा मुलाने कबड्डीत पडझड करून घेतली तर रक्तस्राव थांबणे अवघड होते. किती चालावे, किती वजन उचलावे हे डॉक्टरांनाच विचारा. सगळ्यांची झडप सारखी खराब नसते, काहींना हलका व्यायाम चालतो.

दुसरी चूक म्हणजे त्याला लगेच उपदेश करणे. ‘जाऊ दे, दुसरं काही कर’ हे वाक्य बापाला सोपे, पण चार वर्षे पहाटे उठलेल्या पोराला ते चाबकासारखे लागते. त्याचे काही मेले आहे, त्याला रडू द्या. बरोबरीची पोरे धावायला जातात तेव्हा तो गोधडीत तोंड घालून पडला तर आळशी म्हणू नका. मात्र महिना-दोन महिने गेले तरी तो जेवत नसेल, कुणाशी बोलत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे म्हणत असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना सांगा. मनाचा उपचार हाही उपचारच आहे.

मग पुढचा रस्ता. आपल्या महाराष्ट्रातले मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले. सैन्यात ते मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि मुष्टियुद्ध कायमचे सुटले. उपचार घेता घेता ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या जागतिक स्पर्धेत भारताचे पहिले सुवर्णपदक त्यांनी मिळवले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे उदाहरण मोठे आहे, पण ते सांगून आजारी पोरावर नवे ओझे टाकू नका. प्रत्येकाने पदक आणावे असे नाही.

मला अधिक जवळची वाटतात ती दुसरी दोन उदाहरणे. इंग्लंडचा क्रिकेटपटू जेम्स टेलर याला २०१६ मध्ये वयाच्या २६ व्या वर्षी हृदयाचा गंभीर आजार निघाला आणि खेळ तिथेच संपला. २०१८ मध्ये तो इंग्लंडच्या संघाचा निवडकर्ता झाला. बॅट ठेवली, पण खेळ ओळखणारी नजर कामी आली. फॅब्रिस मुआंबा हा कांगोमध्ये जन्मलेला, निर्वासित होऊन इंग्लंडला गेलेला मुलगा फुटबॉलपटू झाला. २०१२ मध्ये भर सामन्यात त्याचे हृदय बंद पडले. तो वाचला, पण २४ व्या वर्षी निवृत्त झाला. पुढे त्याने क्रीडा पत्रकारितेची पदवी घेतली. या दोघांचे आजार वेगळे होते, पैसा आणि सोयीही आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. तरी घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. शरीर थांबले, पण खेळाने दिलेली शिस्त आणि समज त्यांच्याजवळ राहिली.

तुमच्या मुलाजवळही ती आहे. पहाटे उठण्याची सवय, वेळ मोजण्याची सवय, हरल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहण्याची सवय. ती आता अभ्यासाला लावता येते. लिपिक, तलाठी, ग्रामपंचायत अधिकारी या पदांना धावण्याची चाचणी नसते. वैद्यकीय तपासणी असते, पण काम टेबलाचे असल्याने आजार आटोक्यात ठेवणाऱ्याने आधीच निराश होऊ नये. पुण्यातील बार्टी संस्था अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी स्पर्धा परीक्षांचे मोफत प्रशिक्षण देते, तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. दहावीनंतर शिकताना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. ज्याला मैदान सोडवतच नाही त्याने कबड्डीच्या पंच परीक्षेची चौकशी करावी, गुणलेखन शिकावे, गावातल्या लहान मुलांचा संघ बांधावा. खेळाडूंसाठी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून आजारापूर्वी मिळवलेली प्रमाणपत्रे रागाने फाडू नका. ती कोणत्या पदासाठी चालतील हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. जातीचा दाखला आणि जात पडताळणी आताच करून ठेवा.

एक सावधगिरी. ‘हृदयरोगावर अपंगाचा दाखला काढून देतो’ म्हणून पैसे मागणारे दलाल फिरतात. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यांत हृदयरोग नाही. खोट्या दाखल्याने पुढे मिळालेली नोकरीही जाते.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे लिहितो. मुलगी आजारी असली की लग्न जमणार नाही या धाकाने घरचे गप्प बसतात आणि इंजेक्शनही बंद करतात. पण झडप अरुंद झालेली असताना बाळंतपण जिवावर बेतू शकते. लपवून लग्न करून दिले तर आपण आपल्याच लेकीला संकटात ढकलतो. सासरी खरे सांगा, गरोदरपणाआधी डॉक्टरांना दाखवा, आणि त्याही आधी तिला स्वतःच्या पायावर उभी करा. कमावत्या मुलीला औषधासाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

शेवटी मंडळांच्या कार्यकर्त्यांना विनंती. जयंतीला आपण भरतीत लागलेल्या मुलांचा सत्कार करतो, ते योग्यच आहे. पण ज्याला मैदान सोडावे लागले त्याच्या घरीही एकदा जा. त्याला अभ्यासिकेची चावी द्या, मंडळाचा हिशेब द्या, लहान मुलांची शिकवणी द्या. आणि तुमच्या वस्तीत एखाद्या पोराचा घसा दुखून नंतर सांधे सुजले असतील, तर या आठवड्यातच त्याला सरकारी दवाखान्यात न्या. वेळेवर उपचार झाला तर त्याचे धावणे कदाचित थांबणारही नाही.