नदीच्या पचनशक्तीची मर्यादा

वाहते पाणी आपोआप निर्मळ होते, हा समज आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेला आहे. तो निराधार नाही. मात्र तो अपुरा आहे, आणि त्या अपुरेपणाची किंमत आज पुण्यापासून पंढरपूरपर्यंतचे भीमेचे खोरे मोजत आहे.

देहू-आळंदीची इंद्रायणी तुळापूरजवळ भीमेला मिळते. पवना, मुळा आणि मुठा या नद्या पिंपरी-चिंचवड व पुण्याचे सांडपाणी घेऊन पुढे त्याच भीमेत येतात. हे सारे पाणी १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणात साठते आणि तेथून पंढरपूरला चंद्रभागा होऊन पोहोचते. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या ज्या क्षेत्री जातात, तेथेच त्यांच्या गावचे पाणीही जाते. प्रश्न असा, की ते सोबत काय घेऊन जाते?

नत्र आणि स्फुरद ही नावे शेतकऱ्याला नवी नाहीत. पिकाला पोसणारी हीच द्रव्ये मैलापाण्यातून आणि शेतातून वाहून जाणाऱ्या खतांतून नदीत उतरतात. नदी त्यांची विल्हेवाट लावते खरी, पण दोहोंची रीत निरनिराळी आहे. तळच्या गाळात जेथे प्राणवायू संपतो, तेथील काही जिवाणू नायट्रेटमधील प्राणवायू वापरून नत्र वायुरूपाने हवेत परत पाठवतात. हे काम उथळ, रेंगाळत जाणाऱ्या लहान ओढ्यांत विशेष चांगले होते. कारण तेथे पाण्याचा थेंब न्‌ थेंब तळाच्या मातीला आणि काठच्या मुळांना स्पर्श करत जातो. ओढ्याला सिमेंटचे अस्तर केले, की पाणी वेगाने पुढे जाते. पण पचनाची जागाच नाहीशी होते.

स्फुरदाला हवेत निघून जाण्याची ही वाट उपलब्ध नाही. ते गाळाच्या कणांना, विशेषतः लोहाच्या संयुगांना चिकटून तळाशी बसते. धरणात पाणी थबकत असल्याने हा गाळ तेथे साचतो आणि खालच्या नदीवरील भार काही काळ हलका होतो. मात्र हे विसर्जन नव्हे, ही साठवण आहे. तळचा प्राणवायू संपला, की लोहाची पकड सुटते आणि जुने स्फुरद पुन्हा पाण्यात येते. मग पाण्यावर हिरवा थर चढतो. ते शेवाळ मरून कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो आणि मासे गुदमरतात. जलपर्णी ही द्रव्ये शोषून घेते, परंतु वेळेवर उपसून दूर नेली नाही, तर कुजून सारे पाण्यालाच परत करते.

मैलाशुद्धीकरण केंद्रे उभारली म्हणजे कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांनी अमेरिकेतील सिएटल शहराचा अनुभव पाहावा. तेथील वॉशिंग्टन सरोवरात शुद्धीकरण केलेलेच सांडपाणी सोडले जात होते. तरीही १९५५ मध्ये सरोवर शेवाळाने ग्रासल्याचे दिसले, कारण नेहमीच्या शुद्धीकरणात घाण जाते, स्फुरद बरेचसे तसेच राहते. १९५८ मध्ये नागरिकांनी मतदानाने उपाययोजनेला संमती दिली, १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी सरोवरापासून वळवले गेले आणि पुढील काही वर्षांत पाणी पुन्हा पारदर्शक झाले.

त्यांनी ते पाणी समुद्राकडे वळवले. भीमेच्या खोऱ्याला तशी सोय नाही. पुण्याचे पाणी खाली सोलापूरकरांना प्यायचे आहे. म्हणून येथे एकच मार्ग उरतो : स्फुरद पाण्यात उतरण्यापूर्वीच अडवणे आणि मातीला परत करणे. स्फुरदयुक्त खते व त्यांचा कच्चा माल यांसाठी भारत मोठ्या प्रमाणावर आयातीवर अवलंबून आहे. परकीय चलन मोजून आणलेले द्रव्य शेतातून ताटात, ताटातून गटारात आणि गटारातून उजनीच्या गाळात जावे, याला विकास कसे म्हणावे?

शुद्धीकरण केंद्रांत नत्र व स्फुरद काढण्याची व्यवस्था अनिवार्य करणे, ओढ्यांना सिमेंटमध्ये न कोंडणे, काठची झाडी राखणे आणि शेतात माती तपासूनच खत देणे ही कामे शासनाची आहेत, तशीच समाजाचीही आहेत. प्रत्येक वस्तीने आपल्या ओढ्याची राखण पत्करली, तर आरंभ होऊ शकतो. चंद्रभागेत उतरणाऱ्या वारकऱ्याच्या ओंजळीत कोणते पाणी येणार, याचा निर्णय पंढरपूरच्या वाळवंटात होत नाही. तो पुण्याच्या नाल्यांवर होतो.