गुणवत्तेचा गालिचा आणि सतरंज्या उचलणारे

सॅन फ्रान्सिस्को येथील गिटहब या कंपनीच्या कार्यालयात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या दालनाची प्रतिकृती उभारण्यात आली होती. त्या दालनात एक गालिचा अंथरलेला होता आणि त्यावर ‘युनायटेड मेरिटॉक्रसी ऑफ गिटहब’ असे शब्द होते. म्हणजे गिटहबचे संयुक्त गुणवत्ताराज्य! जगभरातील प्रोग्रामर आपला कोड जेथे ठेवतात, एकमेकांचा तपासतात आणि सुधारतात, ती ही कंपनी. या शब्दांवर आक्षेप घेतला गेला, टीका झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये कंपनीच्या प्रमुखाने तो गालिचा काढून टाकत असल्याचे जाहीर केले. एका गालिच्यावरून एवढा गदारोळ कशाला, असे कोणी विचारील. आम्हाला तो गदारोळ क्षुल्लक वाटत नाही. ‘गुणवत्ता’ हा शब्द कोणाच्या तोंडी येतो, कोणत्या वेळी येतो आणि तो आला की कोणाला दाराबाहेर उभे राहावे लागते, हे या पानाच्या वाचकाला सांगण्याची गरज नाही.

आज आमची मुले-मुली पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद येथे आणि परदेशातही वेबसाइट व सॉफ्टवेअर बनविण्याच्या धंद्यात आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरातली संगणकाला हात लावणारी ही पहिलीच पिढी. या धंद्याची स्वतःची एक वस्ती आहे आणि त्या वस्तीची एक पंचायतही आहे. तेथे वाद कशावरून होतात, निकाल कोण देतो आणि त्या निकालाविरुद्ध दाद कोठे मागायची, हे आमच्या तरुणांना ठाऊक असले पाहिजे. म्हणून आज हा विषय.

आपण जी वेबसाइट उघडतो तिच्या पोटात बहुधा ‘ओपन सोर्स’ सॉफ्टवेअर असते. ते कोणालाही फुकट वापरता येते, वाचता येते, बदलता येते. कोणीही सुधारणा पाठवावी, ती चांगली असेल तर स्वीकारली जाईल, असा या वस्तीचा दावा आहे. दावा लोभस आहे. येथे जात नाही, रंग नाही, लिंग नाही, फक्त कोड बोलतो, असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु ‘मेरिटॉक्रसी’ हा शब्द जगभर रुजला तो ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मायकेल यंग यांच्या १९५८ सालच्या पुस्तकामुळे, आणि ते पुस्तक होते उपहासाचे! गुणवत्तेच्या नावाने नवा वरचा वर्ग कसा तयार होतो आणि तो खालच्यांना किती निर्दयपणे वागवतो, हे त्यांना दाखवायचे होते. थट्टेसाठी वापरलेला शब्द पुढे लोकांनी गालिच्यावर मिरवला.

फक्त कोड बोलतो, हे तरी खरे आहे काय? अमेरिकेतील संशोधकांनी गिटहबवरील लाखो सुधारणांचा अभ्यास करून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण पाहता महिलांनी पाठविलेल्या सुधारणा पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारल्या गेल्या होत्या. म्हणजे गुणवत्तेत त्या कमी नव्हत्या. परंतु एखाद्या प्रकल्पाला अनोळखी असलेल्या महिलांचे काय झाले? नावावरून वा छायाचित्रावरून ती स्त्री आहे हे कळत नव्हते तेव्हा शंभरातील सुमारे ७२ सुधारणा स्वीकारल्या गेल्या. ते कळत होते तेव्हा हेच प्रमाण सुमारे ६३ वर आले. अनोळखी पुरुषांचेही प्रमाण ओळख दिसताच घटले, पण इतके नाही. मग हा फरक कोडमध्ये होता की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत? आडनाव विचारून मगच पाण्याचा पेला पुढे करणाऱ्या समाजात जन्मलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर शोधायला संशोधन लागत नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. ओपन सोर्समधील काम बहुधा विनामोबदला, नोकरी सांभाळून, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी होते. पुढे नोकरीच्या मुलाखतीत याच कामाची विचारणा होते. आता ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे, स्वतःचा लॅपटॉप आहे, ज्याच्या बापाने इंग्रजी शाळेची फी भरली आहे, त्याला ही ‘गुणवत्ता’ मोकळ्या वेळात कमावता येते. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत राहणाऱ्याने किंवा ऑफिसातून येऊन चूल आणि मूल सांभाळणाऱ्या बाईने ती कधी कमवायची? मोकळा वेळ ही सुद्धा मालमत्ता आहे आणि इतर मालमत्तेप्रमाणे तिचीही वाटणी विषम आहे.

आता पंचायतीकडे वळू. पायथन ही संगणकाची भाषा नेदरलँड्सचे गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली जगापुढे आणली. आज असंख्य वेबसाइटी तिच्यावर चालतात. या भाषेत काय यावे आणि काय येऊ नये, याचा अखेरचा शब्द गिडो यांचा. त्यांना पदवीच होती ‘तहहयात परोपकारी हुकूमशहा’. पदवी विनोदाने दिलेली, पण अधिकार खरा. २०१८ साली एका लहानशा चिन्हावरून वाद पेटला. एखाद्या वाक्यातच नावाला किंमत द्यायची आणि तीच किंमत तेथेच वापरायची, अशी सोय देणारे हे चिन्ह. अपूर्णविराम आणि त्यापुढे बरोबरीची खूण, एवढेच. कोणी म्हणाले यामुळे कोड आटोपशीर होईल, कोणी म्हणाले वाचणे अवघड होईल. वाद तांत्रिक होता, पण भाषा कडवट झाली. गिडो यांनी प्रस्ताव मंजूर केला आणि १२ जुलै २०१८ रोजी पद सोडले. आपण वारस नेमणार नाही, असे सांगून त्यांनी सहकाऱ्यांनाच विचारले, आता तुम्ही काय करणार? लोकशाही, अराजक, हुकूमशाही की संघराज्य?

पुढे जे घडले ते कायद्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावे. कारभार कसा असावा याचे सात लेखी मसुदे आले. डिसेंबर २०१८ मध्ये मतदान झाले. पाच सदस्यांचे निवडून आलेले मंडळ, असा मसुदा मंजूर झाला. एकाच कंपनीचे दोनपेक्षा अधिक सदस्य मंडळात असू नयेत, असे कलम घातले गेले. अविश्वास ठरावाने सदस्याला वा अख्ख्या मंडळाला दूर करण्याची तरतूद केली गेली. २०१९ च्या प्रारंभी पहिले मंडळ आले आणि त्यात गिडो स्वतः निवडणुकीला उभे राहून, मते घेऊन आले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, माणूस कितीही मोठा असला तरी आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नये. धर्मातली भक्ती आत्म्याला तारत असेल, पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. हा इशारा प्रोग्रामरांच्या वस्तीलाही तंतोतंत लागू पडला. परोपकारी असला तरी हुकूमशहा तो हुकूमशहाच. तो चांगला आहे तोवर ठीक, पण तो थकला की मागे नियम उरत नाहीत.

पायथनवरच आधारलेले जँगो हे वेबसाइट उभारण्याचे साधन. ते अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मले आणि २००५ साली सर्वांसाठी खुले झाले. तेथेही दोन संस्थापकांनी जानेवारी २०१४ मध्ये तहहयात पद सोडले. त्याहून महत्त्वाची गोष्ट २०२० साली घडली. ‘कोअर’ म्हणजे गाभ्याचे सदस्य, ही बिरुदावलीच त्यांनी रद्द केली. बिरुद मिळालेले अनेक जण प्रत्यक्ष काम करीत नव्हते आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या नव्या लोकांना आपण त्या पंक्तीत बसू शकतो असे वाटत नव्हते. म्हणून अधिकार बिरुदाला न चिकटवता ठरावीक कामाला चिकटवले गेले. पद आणि प्रतिष्ठा यांना जन्मभराची गाठ मारली की काय होते हे आपल्या देशाने हजारो वर्षे पाहिले आहे.

आता शब्दांचा वाद. अनेक संगणकांवर एकच माहिती ठेवायची तर एक मुख्य असतो आणि बाकीचे त्याची नक्कल करतात. या जोडीला अनेक वर्षे ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’, मालक आणि गुलाम, असेच म्हटले जात होते. २००३ साली लॉस एंजेलिस काउंटीच्या प्रशासनाने पुरवठादारांना हे शब्द टाळण्यास सांगितले तेव्हा बरीच टिंगल झाली. २०१४ साली जँगोने ते काढले, २०१८ साली रेडिस या डेटाबेसने ‘गुलाम’ काढून ‘प्रतिकृती’ या अर्थाचा शब्द घेतला, आणि १ ऑक्टोबर २०२० पासून गिटहबने नव्या प्रकल्पांच्या मुख्य शाखेचे ‘मास्टर’ हे नाव बदलून ‘मेन’ केले. प्रत्येक वेळी एकच आक्षेप आला. नावात काय आहे? यंत्राला थोडेच वाईट वाटते?

नावात काय आहे, हे मराठवाड्याला विचारावे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि त्यानंतर माणसे मारली गेली, वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. नावात काहीच नसेल तर बदलाला एवढा विरोध का होतो? तथापि, आम्ही दुसरी बाजूही मांडतो. शब्द बदलणे हे सर्वांत स्वस्त काम आहे. ‘मास्टर’चे ‘मेन’ झाले म्हणून एकाही कृष्णवर्णीय तरुणाला नोकरी मिळाली नाही. नाव बदलावेच, पण त्यावर समाधान मानू नये.

राहिला प्रश्न राबणाऱ्यांचा. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. जगातील असंख्य वेबसाइटींची कुलपे ज्या ओपनएसएसएल सॉफ्टवेअरवर अवलंबून होती, त्यावर पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता आणि प्रकल्पाला वर्षाकाठी मिळणारी देणगी होती सुमारे २,००० डॉलर. अब्जावधी कमावणाऱ्या कंपन्या ते फुकट वापरीत होत्या. मार्च २०१६ मध्ये आणखी एक प्रकार घडला. एका कंपनीने एका प्रोग्रामरच्या पॅकेजच्या नावावर हक्क सांगितला. एनपीएम या भांडाराच्या चालकांनी ते नाव कंपनीला दिले. चिडलेल्या प्रोग्रामरने आपली सगळी पॅकेजे काढून घेतली. त्यातले ‘लेफ्ट-पॅड’ अवघे ११ ओळींचे. पण त्यावर विसंबलेले हजारो प्रकल्प अडून पडले. चालकांनी ते पॅकेज परत ठेवले आणि पुढे पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले. ज्याच्या श्रमावर इमला उभा त्याला मानधन नाही, मत नाही. त्याने हात काढून घेतला की मात्र नियम हजर! आपल्याकडे सभेत सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला हा अनुभव नवा नाही.

यावर उपाय काय? आमच्या मते लेखी नियम, निवडून दिलेले मंडळ आणि तक्रार ऐकणारी निष्पक्ष यंत्रणा. २०१४ साली प्रोग्रामर कोरालाइन एडा एमके यांनी एक आचारसंहिता तयार केली. सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्सच्या गाभ्यानेही ती स्वीकारली. त्याच सुमारास लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी वर्षानुवर्षांच्या आपल्या शिवराळ वागण्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. २०२१ च्या २.१ आवृत्तीत या संहितेने भेदभावाच्या यादीत एक नवा शब्द घातला, ‘कास्ट’, म्हणजे जात.

जात तेथे कशी पोहोचली? ती कोणाच्या तरी सामानातूनच गेली. २०२० साली कॅलिफोर्निया राज्याच्या विभागाने सिस्को कंपनी आणि तिच्या दोन व्यवस्थापकांविरुद्ध, एका दलित अभियंत्याशी जातीवरून भेदभाव केल्याचा आरोप करीत दावा दाखल केला. व्यवस्थापकांविरुद्धचा दावा विभागाने २०२३ साली मागे घेतला, हेही नमूद केले पाहिजे. परंतु प्रश्न मागे गेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले विधेयक मात्र राज्यपालांनी, आहे तो कायदा पुरेसा आहे, असे म्हणत रोखले. वकील म्हणून आमचा अनुभव वेगळा आहे. जो अन्याय कायद्यात नावानिशी लिहिलेला नसतो, तो घडलाच नाही असे म्हणणे समोरच्याला फार सोपे जाते.

म्हणून आमच्या तरुणांना आमचे सांगणे आहे. एखाद्या प्रकल्पात काम करण्यापूर्वी त्याचा कोड वाचता, तशी त्याची आचारसंहिता आणि कारभाराचे नियमही वाचा. निर्णय कोण घेतो, त्याला कोण निवडते, तक्रार कोण ऐकतो, हे विचारा. ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच न्यायाधीश असेल तर तेथे न्याय नाही, हे नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व आहे. तक्रार करावी लागली तर लेखी करा आणि तारखेनिशी नोंद ठेवा. मताचा अधिकार मिळाला तर तो वापरा, मंडळाच्या निवडणुकीला उभे राहा. आणि आपल्यामागून येणाऱ्या मुलीने पहिली चुकीची सुधारणा पाठविली तर तिला हसू नका, तिला शिकवा.

गिटहबने गालिचा काढला, ते बरेच झाले. पण गालिचा काढल्यावर खालची फरशी कोण पुसतो आणि त्या दालनात खुर्चीवर कोण बसतो, हे पाहिल्याशिवाय आम्ही समाधानी होणार नाही. आमच्या मुलांनीही होऊ नये.