‘समजून-उमजून’: सुलभ पाठाचा भ्रम

कायद्याच्या दस्तऐवजांविषयी अलीकडे एक आश्वासन वारंवार दिले जाते. खरेदीखत, भाडेकरार, विमापत्र किंवा न्यायालयाचा निकाल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हवाली करावा, म्हणजे ती त्याचा अर्थ सर्वसामान्य माणसाला कळेल अशा भाषेत सांगेल आणि वकिलांची मिरासदारी संपुष्टात येईल. या आश्वासनामागील लोकशाहीवादी हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र त्यात अनुस्यूत असलेला भाषाविचार साहित्यसमीक्षेने केव्हाच निकालात काढलेला आहे. आशय भाषेच्या वेष्टनात गुंडाळलेला असतो आणि वेष्टन बदलले तरी तो अबाधित राहतो, हे त्यामागचे गृहीतक. कवितेच्या बाबतीत क्लिंथ ब्रुक्स यांनी १९४७ साली याच गृहीतकाला ‘पाखंड’ म्हटले होते. कवितेचा सारांश फसला तर रसहानी होते. खरेदीखताचा फसला तर जमीन जाते.

दस्तऐवज माहिती देण्यासाठी लिहिला जात नाही. जे. एल. ऑस्टिन यांच्या परिभाषेत सांगायचे तर तो कृतिरूप उक्ती असतो: त्यातील ‘लिहून दिले’ हे शब्द हस्तांतराचे वर्णन करीत नाहीत, ते हस्तांतर घडवतात. सुलभ पाठ या कृतीचे वर्णनात रूपांतर करतो. मूळ दस्त मालकाला मालकी गमावायला लावतो. सुलभ पाठ ‘आपण मालकी गमावत आहात’ एवढे सांगून मोकळा होतो. हे दोन पाठ एकाच अर्थाची दोन रूपे आहेत, असे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेल्या मुदत खरेदीचे उदाहरण घ्यावे. सावकार कर्ज देतो आणि एकाच दिवशी दोन कागद होतात. पहिला कायम खरेदीखताचा. दुसरा, पाच वर्षांत रक्कम परत केल्यास जमीन पुन्हा विकून देण्याचा. दोन्ही कागदांची भाषा सोपी करता येते. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५८(क) ला १९२९ साली जोडलेल्या परंतुकानुसार, परतीची अट खरेदीच्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. अट त्याच कागदात असेल आणि व्यवहार गहाण ठरला, तर मुदत उलटल्यावरही कर्ज फेडून जमीन सोडवण्याचा मार्ग कायद्याने खुला राहतो. अट वेगळ्या कागदात गेली की मुदतीच्या दुसऱ्या दिवशी तो मार्ग बंद होतो. म्हणजे निर्णायक अर्थ दोहोंपैकी कोणत्याच कागदाच्या शब्दांत नाही. तो ते कागद दोन असण्यात आहे. समोर ठेवलेल्या पहिल्या कागदाचा शब्दशः बिनचूक सारांश करणारे यंत्रही शेतकऱ्याला त्याच्या नुकसानीचा नेमका मुद्दा सांगेलच असे नाही.

या दस्तांच्या अखेरीस एक ठराविक वाक्य येते: सदर खत वाचून, समजून-उमजून, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे. कोणतेही सारांशयंत्र ते पाल्हाळ म्हणून गाळण्याचा संभव अधिक. वस्तुतः संबंध संहितेतील सर्वाधिक धारदार वाक्य तेच. ‘लिहून देणार’ म्हणून ज्याचे नाव असते, त्याने त्यातला एक शब्दही लिहिलेला नसतो. कर्त्याच्या मृत्यूची चर्चा पश्चिमेत सुरू होण्याच्या कितीतरी आधी येथील दस्तलेखकांनी लेखनाविना कर्तृत्व निर्माण केले होते. न कळलेल्या शब्दांची जबाबदारी त्या वाक्याने त्याच्या माथी मारली. आता यंत्राने समजावून सांगितल्यावर ‘मला कळले नव्हते’ हा त्याचा उरलासुरला बचावही दुबळा होतो. समजल्याचा पुरावा त्याच्याविरुद्ध उभा राहतो; समजुतीतील चूक मात्र कोणालाच बांधत नाही.

यावर आक्षेप येतो की वकीलही सारांशच सांगतो आणि टीकाकारही. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ ही याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकाच. तरीही ती वारसाहक्काचा कायदा ठरली. हे खरेच आहे. परंतु त्या टीकेला कर्ता होता, आपण हा अर्थ का स्वीकारतो याचा युक्तिवाद तिच्यात होता, आणि म्हणूनच जीमूतवाहनाला ‘दायभागा’त मुलाचा जन्मसिद्ध हक्क नाकारणारा प्रतिपक्ष उभा करता आला. वकिलाच्या सल्ल्यालाही नाव आणि उत्तरदायित्व असते. यंत्राचा सुलभ पाठ आपण भाष्य असल्याचेच लपवतो. २०२२ साली आजीच्या निधनानंतर प्रवास करू पाहणाऱ्या एका ग्राहकाला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील संवादयंत्राने सवलतीचा नियम सोप्या पण चुकीच्या शब्दांत सांगितला. पुढे वाद झाला तेव्हा, यंत्र स्वतःच्या कृतींना स्वतः जबाबदार असलेली वेगळी विधिमान्य व्यक्ती आहे, अशा आशयाचा बचाव कंपनीकडून आला. ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने २०२४ मध्ये तो फेटाळला, कारण यंत्र कंपनीचेच होते. तिऱ्हाइताच्या यंत्राने केलेला अर्थ करारातील दुसऱ्या पक्षाला बांधील असण्याचे काहीच कारण नाही.

स्वतः न्यायसंस्थेचा व्यवहारही याहून निराळा नाही. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाने अनुवादासाठी ‘सुवास’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित प्रणाली वापरात आणली. निकालांच्या मराठी अनुवादांवर मात्र सूचना असते की, हा पाठ पक्षकाराला आपल्या भाषेत समजण्यापुरता मर्यादित असून प्रमाण पाठ इंग्रजीच राहील. सूचना प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच बोलकी आहे. पक्षकाराने समजून घ्यावे; त्या समजुतीच्या आधारे काही म्हणू मात्र नये. एक भाषा कळण्यासाठी आणि दुसरी अधिकारासाठी, अशी ही वाटणी आहे.

याचा अर्थ दुर्बोधतेची पाठराखण करावी असा मुळीच नाही. विधिभाषेच्या काठिण्याला शास्त्रीयतेचा मुलामा देणारे विधिज्ञ आणि यंत्राच्या सोपेपणावर भाळलेले सुधारक एकाच निष्कर्षाला येतात: मूळ संहिता आहे तशीच राहू द्यावी. एरवी दुर्बोध दस्त हा लिहिणाऱ्याचा दोष ठरला असता. स्पष्टीकरणाची सोय हाताशी असल्यावर तो वाचणाऱ्याचा आळस ठरतो. म्हणून मागणी सुलभ स्पष्टीकरणाची नसावी, सुलभ मूळ पाठाची असावी. ज्या मराठीत माणसाला कायदा समजतो, त्याच मराठीला न्यायालयात प्रमाण पाठ म्हणून उभे राहता आले पाहिजे. तोवर ‘समजून-उमजून’ या शब्दांचा अर्थ सही करणाऱ्याच्या हाती नाही, आणि कोणत्याही यंत्राच्या सारांशाने तो त्याच्या हाती येणारही नाही.