रोज वीस ओव्या

उपवासकाळ आला की धर्मग्रंथ वाचायचा संकल्प अनेक घरांत सोडला जातो आणि झावळ्यांच्या रविवारापर्यंत बहुतेकांचा तो मोडतो. आमच्या मते यात दोष आळसाचा कमी, पुस्तकाच्या निवडीचा जास्त. ईशज्ञानाचा जाडजूड ग्रंथ हाती घ्यायचा, त्रैक्याच्या चर्चेत अडकायचं, मग मोबाइल आहेच!

त्यापेक्षा फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ घ्या. १६१६ मध्ये गोव्यात राचोल इथं ते छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. आज देवनागरीत मिळतं. जवळपास अकरा हजार ओव्या. रोज वीस म्हटल्या तरी दीड वर्ष पुरतील. पण मोठ्यानं वाचा, ओवीची गंमत कानाला कळते. एकानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, जुना शब्द अडला तर आजीला विचारावं. असं चाललं की सवय एकट्याच्या जिवावर राहत नाही.

संत ऑगस्टिन यांचं ‘कन्फेशन्स’ उघडणाऱ्यांना एक सूचना. त्याचे तेरा भाग. पहिल्या नऊत आयुष्य आहे: पोरवयात चोरलेली नाशपाती, आईचे अश्रू, मिलानमधली बाग. दहाव्यापासून स्मृती, काळ, उत्पत्ती असा चढ लागतो. तिथं दमलात तर खुशाल थांबा, उरलेलं पुढच्या वर्षी. शंका मात्र पेन्सिलीनं समासात लिहून ठेवा आणि आमच्याकडे पाठवा. निवडक शंकांसाठी पुढच्या अंकापासून एक पान राखून ठेवलं आहे.