आधी दुखणे ओळखा, मग पाना घ्या



जुनी मोटारसायकल ज्या घरात आली, त्या घरात रविवारचा एक देखावा ठरलेला असतो. सोप्यात पोते अंथरलेले, त्यावर गाडीची आतडी मांडलेली आणि घरधनी कोपरापर्यंत काळा झालेला. जेवायला हाक मारायची कुणाची छाती होत नाही. दिवेलागणीला सगळे जोडून होते. किक मारून मारून पोटरीला गोळे येतात, पण गाडी ढिम्म. वर पोत्यावर दोन नट शिल्लक! आणि पहाटे तर दुधाचे कॅन संस्थेत पोचवायचे असतात.

आपल्या कोल्हापूरच्या माणसाला यंत्राचे भय नाही. नदीकाठच्या इंजिनांवर आणि शिवाजी उद्यमनगरातल्या लेथवर इथल्या कित्येक पिढ्यांचे हात बसले आहेत. मग घरची दुरुस्ती फसते कुठे? ती हातात फसत नाही, घाईत फसते. उसाचे पान पिवळे पडले म्हणून आपण दिसेल ते औषध फवारत नाही. आधी पान उलटून बघतो, मूळ उकरून बघतो. गाडीच्या बाबतीत मात्र सगळा कारभार अंदाजपंचे! प्लग बदलला, नाही जमले. कॉइल बदलली, नाही जमले. मग कार्ब्युरेटर. खिसा रिकामा होतो, आणि शेवटी कळते की पेट्रोल टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक मातीने बुजले होते.

म्हणून क्रम पाळा. साध्या गाडीला पेटायला तीन गोष्टी लागतात: पेट्रोल, ठिणगी आणि दाब. पहिल्यांदा पेट्रोल बघा. कॉक उघडा आहे का, नळीतून धार येते का? गाडी मैलभर चालून बंद पडत असेल आणि झाकण सैल केल्यावर पुन्हा चालत असेल, तर दोष झाकणाच्या भोकाचा समजा. नंतर प्लग काढा. तो ओला असेल तर पेट्रोल पोचते आहे, ठिणगी तपासा. कोरडा असेल तर पेट्रोलच वर येत नाही. ठिणगी बघताना कॉक बंद करा, सांडलेले पेट्रोल पुसा आणि गाडी अंगणात घ्या. टोपी लावलेला प्लग त्याच्या भोकापासून दूर, इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरा आणि किक मारा. निळी, ठसठशीत ठिणगी हवी. दोन्ही ठीक असूनही किक हलकी लागत असेल, तर दाब गेला. तिथे घरचे काम थांबले, मेस्त्रीकडे चला.

कार्ब्युरेटर उघडलात तर जेटच्या भोकात तार घालू नका. भोक केसभर जरी मोठे झाले, तरी गाडी पेट्रोल पिऊ लागते. पंपाने हवा मारा. धुण्याचे काम चुलीपासून आणि गॅसपासून लांब, उघड्यावर करा. पेट्रोलची वाफ जमिनीलगत सरकत जाते, ती डोळ्यांना दिसत नाही.

अलीकडे यात एक नवी भानगड आली आहे. तिचे मूळ आपल्याच शेतात आहे. उसापासून साखर होते, मळी आणि रसापासून इथेनॉल होते, आणि ते पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २०२५ पासून देशभरातील पंपांवर साधारणपणे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ऊसकऱ्याच्या दृष्टीने ते चांगलेच. पण इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. राजदूत, येझदी किंवा पंधरा-वीस वर्षांची कुठलीही गाडी असेल, तर पेट्रोलची नळी आणि रबरी वायसर दर हंगामाला बघा. नळी फुगली, चिकट झाली किंवा तडकली असेल तर लगेच बदला. गाडी महिना महिना उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नका.

दुसरी गोष्ट महापुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पाण्याने आपल्या किती गाड्या बुडवल्या, हे शिरोळ-करवीरच्या लोकांना सांगायला नको. बुडालेली गाडी वरून पुसूनपासून नव्यासारखी दिसते आणि स्वस्तात मिळते. घेताना तेल बघा. दुधाळ, चहाच्या रंगाचे असेल तर आत पाणी गेले आहे. सीटखालच्या वायरींचे जोड उघडून बघा. हिरवट पूड दिसली तर हात जोडून परत या. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! घरचीच गाडी बुडाली असेल तर ती बाहेर काढल्याबरोबर किक मारू नका. आधी प्लग काढून पाणी निथळू द्या, पेट्रोल आणि तेल बदला.

आता नटांबद्दल. निम्मा वैताग तिथलाच. गंजलेल्या नटाला पक्कड लावली की त्याचे कोपरे जातात, मग तो देवालाही सुटत नाही. आदल्या रात्री नटावर रॉकेल किंवा डिझेल सोडा आणि सकाळी बरोबर मापाचा रिंग पाना लावा. प्लग बसवताना पहिले चार-पाच आटे हातानेच फिरवा. वाकडा शिरला तर हेडचे आटे जातात आणि काही रुपयांच्या कामाला हजार लागतात. खोलताना घरातल्या पोराला मोबाइलवर फोटो काढायला सांगा, आणि काढलेला भाग परातीत त्याच क्रमाने मांडा. मग दोन नट उरणार नाहीत.

काही ठिकाणी मात्र काटकसर नको. ब्रेकचे लायनर झिजले, केबलचे तंतू सुटू लागले किंवा टायर गुळगुळीत झाला, तर ते त्याच दिवशी बदला. गाडी चालू झाली नाही तर दुधाचा एक खाडा होतो. गाडी थांबली नाही तर घराचा कर्ता जातो. जुनी मारुती असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर तिच्याखाली शिरू नका. चाकांना दगड लावा आणि गाडीखाली भक्कम स्टँड द्या. विटा रचू नका, वीट भाराखाली अचानक फुटते. आणि १ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटरच नाही. त्यांचे दुखणे तपासायला वेगळे यंत्र लागते, तिथे पाना चालवू नका.

मेस्त्रीकडे जाण्यात कमीपणा नाही. पण जाताना “गाडी बिघडली” एवढेच सांगू नका. थंडीत की उन्हात, चढाला की उतारावर, किती अंतर गेल्यावर बंद पडते, ते सांगा. लक्षण नीट सांगणाऱ्याचे निम्मे बिल वाचते. दुधाची वही ठेवता तशी गाडीची एक वही ठेवा. तेल कधी बदलले, प्लग कधी घातला, काय बिघडले आणि कशाने सुटले, तारखेसह लिहा. पुढच्या खेपेला आधी ती वही उघडा, पान्याची पेटी नंतर.