मातापूर ते महानगर

वनाजला मेट्रोत बसलो. शेजारच्या आजींनी मांडीवरची पिशवी सावरली आणि विचारलं, “गाव कुठलं म्हणायचं तुमचं?”

“पुणंच.”

“ते राहायचं झालं हो. गाव कुठलं?”

आजोबांच्या गावाचं नाव सांगितलं तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. नळ स्टॉप येईपर्यंत पुढचा प्रश्न आलाच, “मग जत्रेला जाता की नाही?” मी जागा करून देण्याच्या निमित्ताने उठलो.

आजींनी नकळत ‘मेट्रो’ या शब्दालाच हात घातला होता. 1863 साली लंडनमध्ये भुयारी रेल्वे सुरू झाली, तिचं नाव ‘मेट्रोपॉलिटन रेल्वे’. 1900 साली पॅरिसमध्ये तशीच गाडी आली आणि तिथल्या लोकांनी लांबलचक नावाची शेपटी छाटून ‘मेट्रो’ एवढंच ठेवलं. या सगळ्याच्या तळाशी आहे ग्रीक ‘मेत्रोपोलिस’. ‘मेतेर’ म्हणजे आई; आपला ‘मातृ’ तिचा सख्खा भाऊ. ‘पोलिस’ म्हणजे नगर. तो आणि आपला ‘पुर’ही एकाच घरातले, दोघांचाही जुना अर्थ तटबंदीची जागा. (खाकी वर्दीतला पोलीसही त्याच ग्रीक घराण्यातला.) म्हणजे मेट्रोपोलिसला मराठीत मातापूरच म्हणावं लागेल. आणि मातापूर तर आपल्याकडे आहेच! रेणुकामातेच्या माहूरचं ते जुनं नाव. फरक इतकाच, की माहूरला आई देवळात आहे. ग्रीकांच्या लेखी नगरच आई.

नगर आई कशी? तर तिने लेकरं बाहेर पाठवली म्हणून. इ.स.पू. आठव्या शतकात कोरिंथ या ग्रीक नगरातली माणसं जहाजांतून निघाली आणि सिसिलीत सिराक्यूज वसवून राहिली. कोर्सिरा बेटावरची, म्हणजे आजच्या कॉर्फूवरची, वसाहतही कोरिंथचीच. निघताना मायनगरीच्या चुलीतला विस्तव सोबत न्यायचा, अशी ग्रीकांची रीत. पुढे कोर्सिराकडे पैसा आला, मोठं आरमार आलं आणि ती आईला विचारेनाशी झाली. कोरिंथकरांची तक्रार ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने नोंदवून ठेवली आहे: सणासुदीला आम्हाला रीतीचा मान देत नाहीत, बळीचा पहिला वाटा देत नाहीत. पालखी आधी कुणाच्या दारात थांबणार यावरून पेटलेलं गाव ज्याने पाहिलंय, त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. मानपानाचा राग होताच. त्यात एका वसाहतीवरून तंटा उभा राहिला. इ.स.पू. 433 मध्ये मायलेकींची आरमारं समोरासमोर आली. दोनच वर्षांनी सुरू झालेल्या अथेन्स-स्पार्टा युद्धाच्या कारणांत हे भांडण गणलं जातं.

पुढे रोमन अमदानीत मेट्रोपोलिस म्हणजे प्रांताचं मुख्य शहर झालं. मग चर्चमध्ये त्यावरून धर्मगुरूचं पद आलं आणि शेवटी उरलं नुसतं ‘मोठं शहर’. तोवर आईची आठवण पुसली होती. आपण प्रतिशब्द केला तो या शेवटच्या अर्थावरून: महानगर. ‘मातृ’ गेली, ‘महा’ आला. 1992 च्या 74 व्या घटनादुरुस्तीने तर माप ठरवून दिलं, महानगर क्षेत्र म्हणजे किमान दहा लाख लोकवस्ती. मुंबईला एकदा मोठं म्हणून भागेना, म्हणून बृहन्मुंबई महानगरपालिका! ‘बृहत्’ही मोठा, ‘महा’ही मोठा.

माझी कुरकुर इथेच आहे. आई मोठी ठरते ती तिने काय दिलं त्यावर. ‘महा’ मोठा ठरतो तो त्याने काय पोटात घेतलं त्यावर. पुण्यात 2017 साली 11 गावं महापालिकेत आली, 2021 साली आणखी 23. कागदोपत्री त्यांना ‘समाविष्ट गावे’ म्हणतात. समाविष्ट झाल्यावर गावाचा ‘वॉर्ड’ होतो आणि शिवेवरच्या म्हसोबापुढून रिंगरोडची आखणी जाते.

गंमत अशी की मुंबईच्या नावात मुंबाआई बसलेली आहे, तरी कोकणातला चाकरमानी मुंबईला निघताना ‘आईकडे चाललो’ म्हणत नाही. ते तो गणपतीला गाडीत बसताना म्हणतो. ग्रीकांच्या मूळ अर्थाने पाहिलं तर त्याचं मेट्रोपोलिस देवगडात किंवा गुहागरात, पाचपन्नास उंबऱ्यांच्या वाडीत आहे. विस्तव तिथला, तो गिरणगावातल्या दहा बाय दहाच्या खोलीत पेटला एवढंच. ‘गाव’ हा शब्द मराठी माणूस लोकसंख्या मोजून वापरत नाही. आपण जिथून निघालो ते गाव.

शब्द बदला, असं मी म्हणत नाही. ‘मातृनगरपालिका’ कुणी केलीच तर पाणीपट्टी कमी होणार नाही. पण विकास आराखडा करणाऱ्यांनी समाविष्ट गावाच्या नकाशावर जत्रेचं मैदान आणि पालखीची वाट तेवढी राखून ठेवावी. चुलीची जागा गेली की मग विस्तव न्यायचा कुठून?

आजींचा प्रश्न अजून माझ्याकडेच आहे. जत्रेला जाता की नाही, हेच कोरिंथ कोर्सिराला विचारत होतं. माझं उत्तरही कोर्सिराचंच. आमच्या गावाकडे आरमार नाही, म्हणून निभावलं.

– वाटसरू